मानेत मज्जारज्जू दबला असेल तर : वाचकांच्या शंका

मानेच्या मणक्यांमध्ये मज्जारज्जू दबणं आणि त्यावरची शस्त्रक्रिया याबद्दल नागपूर आणि विदर्भातल्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. उत्तरं मणक्याचे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत.

आई ५८ वर्षांची आहे, डायबेटिस आहे. मान अजिबात दुखत नाही. पण काही महिन्यांपासून ब्लाऊजचे हुक लागत नाहीत, सांबार (कोथिंबीर) निवडताना काड्या बोटांतून सुटतात, चालताना पायातली चप्पल निघाली तरी कळत नाही. एमआरआयमध्ये सी५-सी६ आणि सी६-सी७ ला (मानेच्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मणक्यांच्या मध्ये) रज्जू दबल्याचं आलं. डॉक्टर ऑपरेशन लवकर करा म्हणतात. नातेवाईक म्हणतात, दुखत नाही तर मानेला हात लावू देऊ नका, लुळी पडेल. — महाल, नागपूर

दुखत नाही म्हणूनच हा आजार घरात महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. हाताकडे जाणारी एखादी नस दबली की खांद्यापासून बोटापर्यंत कळ जाते, झोप उडते आणि माणूस आठवड्याभरात डॉक्टर गाठतो. खुद्द मज्जारज्जू दबतो तेव्हा बहुधा कळ नसतेच. बोटं अवजड होतात, पाय ताठ होतात, तोल जातो, लघवीची घाई होऊ लागते. हे सगळं वयावर किंवा साखरेवर ढकललं जातं.

मानेतली रज्जूची पोकळी पुढून मागे साधारण १७ ते १८ मिलिमीटर असते. १३ च्या खाली ती अरुंद समजतात, १० च्या खाली फारच अरुंद. पुढून दोन मणक्यांमधली चकती फुगते आणि हाडाचे काटे वाढतात. मागचा पिवळा अस्थिबंध (लिगामेंट) जाड होतो आणि मान मागे केली की आत दुमडतो. रज्जू या दोघांच्या मध्ये दिवसभर चेपला जातो, त्याचा रक्तपुरवठाही कमी होतो.

घरी दोन गोष्टी करून बघा. आईंना १० सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा मूठ पूर्ण मिटून पूर्ण उघडायला सांगा. २० वेळा सहज व्हायला हवं. मग तळवे खाली करून, बोटं जुळवून हात पुढे धरायला लावा आणि अर्धा मिनिट बघा. करंगळी आपोआप बाजूला सरकत असेल तर ते रज्जू दबल्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टर मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारतात आणि अंगठा आत वळतो का हे पाहतात, तेही याच कारणाने.

ऑपरेशनचा निर्णय नुसत्या एमआरआयवर होत नाही. हात, पाय, संवेदना आणि लघवी यांना मिळून १८ गुण असतात. १५ ते १७ म्हणजे सौम्य, १२ ते १४ मध्यम, ११ किंवा कमी म्हणजे गंभीर. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मध्यम आणि गंभीर गटाला शस्त्रक्रिया सुचवली जाते. सौम्य गटात शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखालचा व्यायाम, यातलं काहीही निवडता येतं. मात्र घसरण दिसली की थांबायचं नाही. आईंचे गुण किती, हे सर्जनना विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

आता नातेवाइकांच्या भीतीबद्दल. ऑपरेशनमध्ये रज्जूला इजा होण्याचा धोका शून्य नाही, पण कमी आहे. उलट ऑपरेशन न केलेल्या रुग्णांपैकी अंदाजे २० ते ६० टक्क्यांची प्रकृती ३ ते ६ वर्षांत आणखी खालावते, असं अभ्यास सांगतात. ही घसरण पायऱ्यापायऱ्यांनी होते. महिने तसेच जातात, मग एखाद्या पडण्यानंतर चालणंच बंद होतं. आणि गेलेलं सगळं परत येईल असं कुणी सांगू शकत नाही. दाब काढणं एवढंच सर्जनच्या हातात असतं. रज्जूत जे मेलं ते मेलं. म्हणून आईंचे आज जे हातपाय चालतात ते टिकवायला हे ऑपरेशन करायचं, सुधारणा होईल ती वरची. लक्षणं सुरू होऊन सहा महिने व्हायच्या आत दाब निघाला तर सुधारणेची शक्यता जास्त असते. एमआरआयच्या टी२ चित्रात रज्जूत पांढरा डाग असेल तर काळजीचं आहेच, पण टी१ चित्रात तीच जागा काळी दिसत असेल तर अपेक्षा आणखी बेताची ठेवा.

ऑपरेशनच्या आधी आईंचं बी१२ तपासून घ्या. डायबेटिससाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, शिवाय आहार शाकाहारी असेल, तर बी१२ कमी सापडणं नवल नाही. त्याच्या कमतरतेनेही रज्जू बिघडतो आणि लक्षणं जवळपास हीच असतात. दोन्ही एकत्र असू शकतात. शिवाय भुलेतला नायट्रस ऑक्साइड हा वायू शरीरातलं बी१२ निकामी करतो, त्यामुळे हा रिपोर्ट भूलतज्ज्ञांच्या हातात आधी असायला हवा.

वय ४२. दुसऱ्याच कारणासाठी एमआरआय काढला, त्यात मानेत रज्जूवर थोडा दाब दिसला. त्रास काहीच नाही. आताच ऑपरेशन करून टाकू का? — मनीषनगर, नागपूर

नको. तपासणीत काहीच सापडत नसेल तर नुसत्या चित्रावरून ऑपरेशन करत नाहीत. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तपासणी करून घ्या, आणि बोटांचं किंवा चालण्याचं काही बिघडलं तर तारखेची वाट न बघता जा. एक गोष्ट मात्र आजपासून बंद : सलूनमध्ये मालिश झाल्यावर मान कडकन मोडून घेणं. अरुंद पोकळीत तो एक झटका पुरेसा होतो. वजन टांगून मानेला ताण देणं, शीर्षासन, डोक्यावर ओझं, यांनाही सुट्टी. दुचाकीवर मागे बसतानाही हेल्मेट घाला.

वडील ६४ वर्षांचे. सीटी स्कॅनमध्ये सी३ ते सी६ पर्यंत मणक्यामागचा अस्थिबंध हाडासारखा झालेला आहे (ओपीएलएल). एक सर्जन गळ्याकडून ऑपरेशन सांगतात, दुसरे मानेच्या मागून. कोण चुकतंय? — वर्धा

बहुधा कुणीच नाही. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात, धोके वेगळे असतात. निवड ठरते ती दाब पुढून आहे की मागून, किती मणक्यांना आहे, मानेचा नैसर्गिक बाक शाबूत आहे का, आणि रुग्णाचं वय व फुफ्फुसं कशी आहेत यावर.

पुढून करतात तेव्हा गळ्याच्या सुरकुतीत ३ ते ५ सेंटिमीटरचा आडवा छेद घेतात. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला, मानेची मोठी रक्तवाहिनी दुसऱ्या बाजूला सारून सर्जन थेट मणक्यापर्यंत जातात. स्नायू फारसे कापावे लागत नाहीत. एक्स-रेवर पातळी, म्हणजे नेमके कुठले मणके, हे पक्कं करतात. ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी चुकीच्या चकतीचं ऑपरेशन टळतं ते हिच्यामुळेच. मग सूक्ष्मदर्शकाखाली चकती काढतात, हाडाचे काटे बारीक हिरेजडित ड्रिलने झिजवतात आणि रज्जूच्या पुढ्यातला दाब संपवतात. रिकाम्या जागेत ५ ते ८ मिलिमीटर उंचीचा पिंजरा, म्हणजे केज, हाडाच्या चुऱ्यासह बसवतात आणि वरून बहुधा प्लेट व स्क्रू. एकदोन पातळ्यांसाठी ही वाट उत्तम. अशा तऱ्हेने चकती काढून मणके जोडणं १९५० च्या दशकात सुरू झालं, त्यामुळे तिचे गुणदोष आज नीट माहीत आहेत. तीन-चार पातळ्यांना पुढून गेलं की मात्र गिळण्याचा त्रास आणि हाड न जुळण्याचं प्रमाण वाढतं.

मागून दोन प्रकार आहेत. लॅमिनोप्लास्टीत मणक्यांची मागची कमान एका बाजूने पूर्ण कापतात, दुसऱ्या बाजूने अर्धवट कोरतात आणि दाराच्या बिजागरीसारखी उघडून छोट्या प्लेटने उघडीच ठेवतात. पोकळी रुंद होते, रज्जू मागे सरकतो, मानेची हालचाल बरीचशी टिकते. ही पद्धत जपानमध्ये विकसित झाली, कारण ओपीएलएल तिथे जास्त आढळतो. दुसऱ्या प्रकारात कमान काढूनच टाकतात आणि दोन्ही बाजूंना स्क्रू-सळ्या घालून मणके जोडतात. नुसती कमान काढून स्क्रू न घालणं हे हल्ली बहुतेक टाळतात, कारण पुढे मान हळूहळू पुढे वाकत जाते आणि रज्जू पुन्हा ताणला जातो.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत के-रेषा बघायला हवी. मान सरळ ठेवून काढलेल्या बाजूच्या एक्स-रेवर सी२ आणि सी७ इथल्या पोकळीच्या मध्यबिंदूंना जोडणारी ही रेषा. हाड झालेला अस्थिबंध रेषेच्या पुढेच थांबत असेल तर मागून मोकळं केल्यावर रज्जूला सरकायला जागा मिळते. तो रेषा ओलांडून मागे आला असेल, किंवा पोकळीचा निम्म्याहून अधिक भाग त्यानेच व्यापला असेल, तर नुसती लॅमिनोप्लास्टी अपुरी पडते. तेव्हा पुढून जाणं, किंवा मागून कमान काढून स्क्रू घालणं, असा विचार होतो. पुढून जाण्यातला धोका असा की ओपीएलएलमध्ये रज्जूवरचं आवरण कधी कधी हाडाला चिकटलेलं, कधी स्वतःच हाड झालेलं असतं. सीटीवर दोन पांढऱ्या थरांच्या मध्ये काळी रेघ दिसली तर ही शंका येते. असं आवरण काढताना फाटलं की पाण्यासारखा द्रव गळत राहतो.

दोन्ही सर्जनना हेच तीन प्रश्न विचारा : के-रेषा कुठे आहे, अस्थिबंधाने किती टक्के जागा व्यापली आहे, आवरण हाड झालंय का. उत्तरं जुळली तर ज्या पद्धतीचा हात सर्जनला जास्त बसला आहे ती निवडायला हरकत नाही. झिजेमुळे रज्जू दबलेल्या १६३ रुग्णांवरची उत्तर अमेरिकेतली एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात वर्षाअखेर शारीरिक सुधारणेत पुढून आणि मागून केलेल्या ऑपरेशनांत ठळक फरक दिसला नाही. गुंतागुंत पुढून ४८ टक्के, मागून २४ टक्के होती. पुढून केलेल्यांच्या आकड्यात गिळण्याच्या त्रासाचा वाटा मोठा आहे.

नवरा ४९ वर्षांचा, दिवसाला आठ-दहा खर्रे (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खातो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, बोटं घालून मोजलं आणि ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. मानेच्या ऑपरेशनचा तोंडाशी काय संबंध? — पारडी, नागपूर

थेट संबंध आहे, आणि त्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं. पूर्ण भुलेसाठी श्वासनलिकेत नळी घालावी लागते. एरवी त्यासाठी मान मागे वाकवतात आणि तोंड मोठं उघडतात. रज्जू दबलेल्या रुग्णाची मान मागे वाकवता येत नाही. त्यात खर्र्यातल्या सुपारीने गालाची आतली त्वचा कडक होऊन तोंड उघडेनासं झालं असेल, तर नेहमीच्या दोन्ही वाटा बंद होतात. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत. दोनच जात असतील तर तयारी वेगळी लागते. रुग्ण जागा असतानाच नाक आणि घसा औषधाने बधिर करून, बारीक लवचीक दुर्बिणीवरून नळी आत सरकवतात. नळी गेल्यावर हातपाय हलवून दाखवायला सांगतात आणि मगच झोपवतात. ऐकायला भीतिदायक आहे, पण अशा मानेसाठी हा सुरक्षित मार्ग आहे. नवऱ्याला ही गोष्ट आधी समजावून सांगा. घाबरलेला माणूस ऐनवेळी मान हलवतो.

दुसरं कारण तंबाखू. निकोटिनमुळे हाडाचा रक्तपुरवठा आकसतो आणि मणके जुळत नाहीत. केज बसलं, प्लेट बसली, पण वर्षभराने एक्स-रेत हाड जुळलेलंच नाही आणि स्क्रू सैल, असं होतं. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे आणि नंतर तीन महिने खर्रा, बिडी, सिगारेट, नस (तपकीर) काही नको. मात्र चालणं झपाट्याने बिघडत असेल तर व्यसन सुटायची वाट बघत बसू नका. सर्जनना तसं सांगा.

भावाला सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आहे. मानेचं ऑपरेशन करता येतं का? — गोंदिया

येतं. ‘एएस’ म्हणजे वाहक असेल तर सहसा अडचण नसते. ‘एसएस’ म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर हिमोग्लोबिन १० च्या आसपास आणण्यासाठी आधी रक्त द्यावं लागू शकतं. शरीर थंड पडू न देणं, उपाशी काळात सलाईन चालू ठेवणं आणि ऑक्सिजन कमी होऊ न देणं महत्त्वाचं. सकाळी आठचं ऑपरेशन दुपारवर गेलं तर भाऊ विनापाणी पडून राहणार नाही, हे तुम्ही स्वतः नर्सला विचारून बघा. विदर्भात हा आजार इतका आहे की तपासणी झाली नसेल तर ती ऑपरेशनआधी मागून घ्यावी.

आमच्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. काकांचे दात पिवळे-तपकिरी, पाठ ताठ आणि आता पाय जड. याचा मानेशी संबंध असेल का? — यवतमाळ जिल्हा

असू शकतो. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं की हाडं दाट होतात, अस्थिबंधांचं हाड होतं आणि रज्जूची पोकळी आक्रसते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. काकांची मान, पाठ आणि कंबर तिन्हींचा एमआरआय लागेल, कारण दाब एकाहून जास्त ठिकाणी असतो. असं हाड कठीण, पण ठिसूळ असतं. ड्रिल हळू चालवावं लागतं, वेळ आणि रक्तस्राव दोन्ही वाढतात. अशा हाडांचा अनुभव असलेल्या सर्जनकडेच जा. पाणी बदलणं आजच सुरू करा. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने दाट होतं.

खर्च झेपणार नाही. सरकारी दवाखान्यात होईल का? — कामठी

नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि त्याचं सुपर स्पेशालिटी, मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी ठिकाणं आहेत. न्यूरोसर्जरी किंवा ऑर्थोपेडिक्सच्या ओपीडीत जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, योजनेत असलेल्या खासगी रुग्णालयांतही. रेशन कार्ड, आधार आणि एमआरआयची फिल्म (नुसता रिपोर्ट नव्हे) घेऊन आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा. मंजुरी ऑपरेशनआधी लागते. स्क्रू, प्लेट, केज पॅकेजमध्ये आहेत का, हे तेव्हाच विचारून घ्या.

गळ्याकडून ऑपरेशन झाल्यावर पहिल्या रात्री रुग्णाजवळ बसणाऱ्याने काय बघावं? — धरमपेठ, नागपूर

हा प्रश्न प्रत्येक घराने विचारायला हवा. पहिल्या २४ तासांत गळ्यात रक्त साठलं तर श्वासनलिका दाबली जाते, आणि हे काही मिनिटांत जीवघेणं ठरू शकतं. पट्टीखाली गळा फुगलेला, ताणलेला दिसणं, आवाज घोगरा किंवा बारीक होत जाणं, थुंकीही गिळता न येणं, आडवं पडवत नाही म्हणून उठून बसण्याची धडपड, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, यातलं काहीही दिसलं की नर्सला हाक मारा आणि डॉक्टर येईपर्यंत हलू नका. ऑक्सिजनचा आकडा ९८ दाखवतोय म्हणून कुणी थांबा म्हणालं तर थांबू नका. आकडा सगळ्यात शेवटी पडतो. अशा वेळी खाटेवरच टाके उघडून रक्त बाहेर काढावं लागू शकतं.

हातपाय आधी हलत होते आणि आता जड झाले, हीदेखील तितकीच तातडीची गोष्ट. दर दोन तासांनी पायाची बोटं आणि मूठ हलवायला सांगा. रक्तदाबही बघा. रज्जूला रक्त पोचण्यासाठी तो फार खाली गेलेला चालत नाही, म्हणून नेहमीची बीपीची गोळी त्या रात्री डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

घसा दुखणं, घास अडकणं, आवाज थोडा बसणं हे मात्र बऱ्याच जणांना होतं आणि काही आठवड्यांत निवळतं. तोवर मऊ खिचडी, वरणभात, ताक. पाणी हनुवटी किंचित खाली ठेवून घोटघोट प्यावं.

मामांचं मागून ऑपरेशन झालं. पाय सुधारले, पण तिसऱ्या दिवशी उजवा हात खांद्यातून उचलेना. ऑपरेशन बिघडलं का? — अमरावती

बहुधा ही सी५ नसेची दुर्बलता आहे. रज्जू मागे सरकला की ही आखूड नस ताणली जाते, हे त्याचं एक मानलं जाणारं कारण. ती पुढून किंवा मागून कुठल्याही ऑपरेशननंतर, अंदाजे शंभरात पाच जणांना होते, आणि बहुतेकदा पहिल्या काही दिवसांतच. खांदा आणि कोपर वाकवणारा स्नायू अशक्त होतो, बोटं व पाय नीट राहतात. पायही जड झाले असते तर लगेच एमआरआय काढून रक्त साठलंय का हे बघावं लागलं असतं. सर्जनना आजच दाखवा, पण हे सहसा काही महिन्यांत भरून येतं. तोपर्यंत दुसऱ्या हाताने धरून खांदा रोज सगळ्या दिशांनी फिरवत राहा, नाहीतर ताकद परतेपर्यंत सांधाच गोठतो. झोपताना हाताखाली उशी घ्या. लोंबकळू देऊ नका.

घरी आल्यावर कॉलर किती दिवस? मे महिन्यात ती सहन होत नाही. आणि स्कूटर कधी चालवावी? — जरीपटका, नागपूर

केज आणि प्लेट पक्की असेल तर एका पातळीसाठी काही सर्जन कॉलर देतच नाहीत. जास्त पातळ्या किंवा हाडं ठिसूळ असतील तर दोन ते सहा आठवडे. लॅमिनोप्लास्टीनंतर ती लवकर काढून मानेच्या हलक्या हालचाली सुरू करणं चांगलं. कॉलर फार दिवस ठेवली की मानेचे स्नायू बारीक होतात आणि दुखणं चिकटतं. उन्हाळ्यात कॉलरच्या आत पातळ सुती कापड गुंडाळा आणि दिवसातून तीनदा बदला. घाम साचला की हनुवटीखाली आणि मागच्या टाक्यांवर कातडी सोलते. मागची जखम डायबेटिसच्या रुग्णात चिघळण्याचा धोका जास्त. कूलरसमोर बसा, पण ओल्या हवेचा झोत पट्टीवर घेऊ नका. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. पट्टी ओली झाली, पू किंवा पाण्यासारखा द्रव दिसला, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा.

चालणं दुसऱ्या दिवसापासून. आधी घरात, मग सकाळी ऊन चढायच्या आत बाहेर. बोटांसाठी मऊ चेंडू दाबणं, कणीक मळणं, बटणं लावणं-काढणं रोज दोनदा. भरलेली बादली आणि गॅस सिलिंडर तीन महिने नाही. स्कूटर साधारण सहा आठवड्यांनी, तीही कॉलर सुटलेली, मान दोन्ही बाजूंना वळवून मागचं वाहन दिसतंय आणि ब्रेक दाबायला हाताला पुरेसा जोर आहे अशा तिन्ही गोष्टी जमल्या तरच. मणके जोडले असतील तर मान पहिल्याइतकी वळत नाही, म्हणून दोन्ही आरसे लावून घ्या. पुढच्या एक्स-रेच्या तारखा ६ आठवडे, ३ महिने, ६ महिने आणि १ वर्ष अशा साधारण असतात. बरं वाटतंय म्हणून त्या चुकवू नका. हाड जुळायला ३ ते ६ महिने, कधी वर्ष लागतं, आणि सैल झालेला स्क्रू दुखायच्या आधी एक्स-रेत दिसतो.